झाकलेली हवा

शिट्टी झाली की त्या घरात झाकाझाक सुरू व्हायची. आधी पिण्याच्या पाण्यावर ताटली, मग दुधावर, मग पिठाच्या डब्याचं झाकण तळहाताने दाबून बसवायचं. दोरीवरचे कपडे हाताला येतील तसे ओढून आत फेकायचे. खिडक्या लावायच्या आणि सगळ्यात शेवटी त्यांच्या फटींत ओलं फडकं कोंबायचं. सासूबाईंना या सगळ्याला मोजून चार मिनिटं लागत. तेवढ्यात भिंतीपलीकडून यार्डातलं जुनं डिझेल इंजिन खोकत खोकत यायचं, घराच्या अगदी पाठीला पाठ लावून थांबायचं आणि काळा धूर सोडत तासभर मालगाडीचे डबे जोडत बसायचं. सकाळी अकराला एकदा, दुपारी चारला एकदा. रविवारी सुट्टी.

वस्तीत त्या इंजिनाला ‘आजोबा’ म्हणत. हलण्याआधी ते खरोखरच खाकरायचं, थुंकल्यासारखा एक आवाज काढायचं आणि मग कुरकुरत निघायचं. “आजोबा उठले गं!” अशी हाक एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जायची, आणि बायका हातातलं काम टाकून दोरीकडे धावायच्या.

यार्डाला दोन फाटकं होती, वरचं आणि खालचं. बंदरावरून ट्रक कंटेनर घेऊन यायचे, फाटकावर वजन व्हायचं, आणि आत ते कंटेनर मालगाडीवर चढायचे. हे घर खालच्या फाटकाच्या भिंतीला लागून होतं. मुलगा आत यार्डात ट्रॅक्टर चालवायचा आणि सून फाटकावर वजनकाटा सांभाळायची. म्हणून तिला सगळे काटेवालीच म्हणत. स्वभावाने ती मुळीच काटेरी नव्हती. पण नाव पडलं ते पडलं.

काचेच्या केबिनमध्ये बसून ती दिवसभर ट्रक मोजायची. एक ट्रक काट्यावर, त्याच्या मागे तीस-चाळीस रांगेत, आणि सगळ्यांची इंजिनं चालू. एकदा तिने खिडकी सरकवून एका ड्रायव्हरला विचारलं होतं, “दादा, अजून अर्धा तास आहे तुमचा नंबर यायला. बंद का नाही करत?”

“बंद केलं आणि पुढचा हलला, तर मला चालू करेपर्यंत मागचा घुसतो, ताई. मग मी काय इथेच बिऱ्हाड करू? तुमच्या केबिनमध्ये जागा आहे का?”

केबिनमध्ये जागा नव्हतीच. दुसऱ्या खुर्चीवर पावतीकाका असायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, राहायला वरच्या फाटकाला, आणि जिभेला हाड नसलेले. तिने शिंकून रुमालात काळं काढलं की म्हणायचे, “तुझं नाक म्हणजे पेन झालंय बघ. शाई भरायची कटकट नाही.” ती हसायची. हसता हसता रुमालाची घडी आतल्या बाजूला करायची.

तिला सातवा महिना चालू होता तेव्हा घरी यंत्र आलं.

यार्डाने म्हणे एकदाचं मनावर घेतलं होतं. डिझेलचं इंजिन काढून बॅटरीवरचं आणायचं, आतले ट्रॅक्टरही बॅटरीचे करायचे आणि फाटकाबाहेर एक मोठा वाहनतळ बांधायचा. तिथे ट्रकांनी इंजिन बंद करून थांबायचं, आणि फलकावर नंबर लागला की निघायचं. रांगच नको. पण हे सगळं यंदा एकाच फाटकाला मिळणार होतं. दुसऱ्याची पाळी कधी, ते कुणी सांगत नव्हतं. मग ठरलं असं की दोन्ही फाटकांशी एकेका घराच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र वर्षभर ठेवायचं. जिथली हवा जास्त वाईट, तिथे नवं सामान आधी.

यंत्र म्हणजे पाण्याच्या पिंपाएवढी एक पांढरी पेटी. वर टोपी, टोपीखाली जाळी आणि आत हवा ओढणारा पंखा. ते बसवायला आलेल्या बाई तरुण होत्या, भराभर बोलायच्या.

“याला हात लावायचा नाही. हलवायचं नाही. धुवायचं नाही. बाकी काही करायचं नाही. मी पंधरा दिवसांनी येऊन जाईन.”

सासूबाईंनी पेटीभोवती एक फेरी मारली. “पांढरं का घेतलंत हो? इथे पांढरं टिकत नाही.”

“कंपनीतून तसंच येतं, आजी.”

“असू दे. तुम्ही काळजी करू नका. आमच्याकडे ठेवलेली वस्तू जशी आली तशी परत जाते.”

यंत्रवाल्या बाई हसल्या आणि जिना उतरल्या. काटेवाली पोटावर हात ठेवून तिथेच उभी राहिली. आत पंखा बारीक घूं करत होता. तिला एकदम फार बरं वाटलं. इतकी वर्षं आपण बोलतोय, आता हे बोलेल. याचं तरी ऐकतील.

कारण बोलून बोलून ती थकली होती. सासूबाईंना अलीकडे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबावं लागायचं. छातीत सुरीला धार लावल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टरांनी तपासताना “बिडी-सिगारेट ओढता का?” असं विचारलं, तर त्या दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. “मला विचारतो! मला!” डॉक्टर म्हणाले होते, यांना धुरापासून लांब ठेवा. मुलाने विचारलं, “लांब म्हणजे कुठे, डॉक्टर?” त्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि औषध लिहून दिलं.

मग मुलगी झाली. गोरीगोमटी, भरपूर जावळाची. बाळंतपणात सासूबाईंनी सुनेला जिना चढायची बंदी घातली. तीन महिन्यांनी ती काट्यावर रुजू झाली आणि बाळ दिवसभर आजीजवळ राहू लागलं. संध्याकाळी घरी आली की ती आधी हात धुवायची आणि मग बाळाचे कान पुसायची. ओल्या कापसाने कानामागची घडी पुसली की कापूस राखाडी व्हायचा. आजी इतकं न्हाऊमाखू घालायची, तरी रोज. ती तो कापूस टाकायच्या आधी थोडा वेळ हातात धरून बसायची. बाळ तिच्याकडे बघून हसायचं, आणि ती मनात म्हणायची, थांब गं, वर पेटी लिहितेय सगळं.

वर्ष भरलं आणि यार्डाच्या सभागृहात बैठक ठरली. दोन्ही फाटकांची माणसं आली. काटेवालीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, बाळाला शेजारणीकडे ठेवलं. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून निघाल्या. वाटेत दोनदा थांबल्या, पण आल्या. त्यांच्या मते बैठक त्यांच्या यंत्राची होती.

पावतीकाका चार रांगा पुढे बसले होते. वळून म्हणाले, “आलीस? आज तुझी माझी लढाई. जिंकलीस तर पेढे नकोत, नुसती हवा पाठव.” काकांचा नातू दोन वर्षांचा होता, तिला माहीत होतं.

दिवे मंद झाले. यंत्रवाल्या बाईंनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. वरच्या फाटकाची रेघ उंच-उंच उड्या मारत होती. खालच्या फाटकाची सकाळी थोडी वर चढायची आणि अकरा वाजले की धपकन खाली यायची. बारानंतर पुन्हा वर. चार वाजता पुन्हा खड्डा.

“हे जरा नवलाचं आहे,” बाई म्हणाल्या. “इंजिन येतं तेव्हाच इथली हवा सगळ्यात चांगली दिसते. आमचा अंदाज असा की भिंतीमुळे धूर सरळ वर निघून जात असावा. एकूण पाहता खालच्या फाटकाची हवा मर्यादेत आहे.”

काटेवालीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. शेजारी सासूबाई मात्र खुशीत होत्या. त्यांनी कोपराने हळूच ढोसलं. “निघणारच ना चांगली. मी कधी घाण बसूच दिली नाही.”

“कशावर, आई?”

“अगं, यंत्रावर. एक दिवस चुकवला नाही. शिट्टी झाली की जुनी चादर ओली करायची, चौपदरी, आणि वरून टाकायची. आजोबा गेले की काढायची आणि धुऊन वाळत घालायची. हात नाही लावला हं, त्या म्हणाल्या होत्या ना. नुसती चादर.”

गच्चीच्या दोरीवर रोज वाळणारी ती काळपट चादर काटेवालीने शंभरदा पाहिली होती. अकराला ती काट्यावर असायची, चारलाही. बाळंतपणात जिना चढायची बंदी होती. रविवारी आजोबा यायचे नाहीत. ती वर जायची तेव्हा पेटी नेहमी उघडी आणि लख्ख असायची. वर्षभर तिला त्या लख्खपणाचं कौतुकच वाटलं होतं.

पुढे मोठे साहेब उभे राहिले. “म्हणजे यंदा वरचं फाटक. कुणाची हरकत असेल तर आत्ता सांगा. कागद आजच पुढे जाणार आहे.” त्यांनी खिशातून पेन काढलं.

ती उठली. आपण उठलोय हे तिला उठल्यावर कळलं.

“साहेब, ते आकडे बरोबर नाहीत. आमच्याकडचे. इंजिन यायचं तेव्हा यंत्र झाकलेलं असायचं.”

सगळी डोकी मागे वळली. यंत्रवाल्या बाईंच्या हातातला कागद खाली आला.

“झाकलेलं? कुणी झाकलं?”

“मी,” ती म्हणाली.

“तुम्ही? का?”

ती काही बोलायच्या आत पावतीकाका उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. “साहेब, ही रोज अकराला माझ्या शेजारी बसलेली असते. चारलाही. बाळंतपणाची रजा सोडून वर्षभराचं हजेरीपुस्तक बघा. ही कुठून झाकणार? नवं सामान खाली यावं म्हणून ऐनवेळी काढलेलं आहे हे.”

कुजबुज वाढली. कुणीतरी म्हणालं, “खोटं बोलायचं तर नीट तरी बोला.” तेव्हा सासूबाई खुर्चीच्या पाठीला धरून हळूहळू उभ्या राहिल्या.

“मी झाकलं,” त्या म्हणाल्या. “घाण बसेल म्हणून.”

सभागृह हसलं. दुष्टपणाने नाही, हसू आलं म्हणून हसलं. मागून एकजण ओरडला, “आजी, पुढच्या वेळी कानटोपी पण घाला त्याला!” मोठ्या साहेबांनीही ओठ दाबले. सासूबाई उभ्याच होत्या. बसायचं की नाही, हे जणू कुणीतरी सांगायला हवं होतं. काटेवालीने त्यांचा दंड धरला, तर तो दंड तिच्या हातातून हळूच निघून गेला.

पेन खिशात परत गेलं. निर्णय असा झाला की दोन्ही फाटकांवर आणखी तीन महिने मोजायचं, आणि मग ठरवायचं.

घरी जाताना सासूबाई वाटेत एकदाही थांबल्या नाहीत. दारात त्यांना धाप लागली, ओठ निळसर झाले, तरी त्यांनी पाण्याचा पेला स्वतः जाऊन भरून घेतला.

“आई, मी...”

“तुम्ही दमला असाल,” सासूबाई म्हणाल्या. “बाळाला घेऊन या तुम्ही.”

लग्न झाल्यापासून त्या सुनेला ‘तू’ म्हणत आल्या होत्या. रागावल्या की ‘अगं ए’. ‘तुम्ही’ कधीच नाही. ते ‘तुम्ही’ त्या दिवसापासून घरात राहायला आलं. भांडण नाही, आदळआपट नाही. पोळीवर तूप तेवढंच, बाळाची अंघोळ तशीच. फक्त सुनेला त्या पाहुण्यासारखं वागवू लागल्या.

नवऱ्याने सगळं ऐकलं. तो म्हणाला, “बरोबर केलंस तू. पण...”

“पण काय?”

“पण काही नाही.”

तो बूट काढायला खाली वाकला.

यंत्रवाल्या बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी पेटीवर एक कागद चिकटवला. लाल अक्षरांत ‘यंत्र झाकू नये’. लावताना त्या ओशाळल्या होत्या. “वरून आदेश आहे, आजी. दोन्हीकडे लावतोय.”

“बरोबर आहे,” सासूबाई म्हणाल्या. “लिहिलेलं बरं असतं.” त्यांनी बाईंना चहा केला.

वजनकाट्याच्या केबिनमध्येही बोलणं आटलं. पावतीकाका पूर्वी पावती फाडून तिच्या हातात ठेवायचे, आता ती टेबलाच्या कडेवर सरकवायचे. एकदा तिला शिंक आली, रुमालात काळं आलं, आणि सवयीने तिने त्यांच्याकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर ट्रक बघत होते.

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. एका ट्रकचं मागचं चाक काट्याच्या पत्र्यात अडकलं आणि काटा बंद पडला. दुरुस्तीवाले दुपारपर्यंत यायचे नव्हते. काकांनी तिच्याकडे न बघता म्हटलं, “जाऊन ये घरी.” ती निघाली तेव्हा अकराची शिट्टी होत होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत शेजारीण पाळण्याजवळ बसलेली. खिडक्या बंद, फटींत फडकी, बाळ झोपलेलं.

“आई कुठे गेल्या?”

शेजारणीने वर बोट केलं. “रोजच जातात. मला तासभर बसायला सांगतात. तुला माहीत नाही?”

ती दोन-दोन पायऱ्या घेत वर गेली. भिंतीपलीकडे आजोबा येऊन टेकले होते. काळा लोट भिंतीवरून गच्चीवर येत होता, पसरत होता. त्यात पांढरी पेटी घूं घूं करत होती, आणि पेटीशेजारी छोट्या स्टुलावर सासूबाई ताठ बसल्या होत्या. डोळे मिटलेले, हात मांडीवर. चेहऱ्यावर काही नाही, ना रुमाल, ना फडकं.

“आई! हे काय करताय?”

त्यांनी डोळे उघडले. “राखतेय. पोरं चेंडू आणायला चढतात. कबुतरं बसतात टोपीवर. यंदा काही झालं, तर परत म्हातारीनेच केलं म्हणतील.”

“पण धुरात? डॉक्टरांनी काय सांगितलंय? उठा बघू. निदान नाकाला रुमाल तरी लावा.”

“रुमाल लावला, तर म्हणाल इथेही झाकलं.”

“कोण म्हणेल? मी म्हणेन?”

सासूबाईंना खोकला आला. पलीकडे डब्यावर डबा आदळला, आणि गच्ची हलल्यासारखी झाली.

“मला तिथेच कळलं हो, आई,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलंत तेव्हाच. समोर सही होत होती. घरी येऊन बोलले असते, तर कागद गेला असता.”

“गेला असता,” सासूबाईंनी मान डोलावली. “ते मला कळतं. मी काही इतकी खुळी नाही. पण माझ्या कानात सांगायचं होतंत. जवळच तर बसले होते. मी स्वतः उठले असते आणि सांगितलं असतं, की माझं चुकलं. दोन मिनिटं द्यायची होती मला.”

तिने आठवून पाहिलं. खुर्चीला खुर्ची लागलेली होती. कान वीतभर अंतरावर होता. दोन मिनिटं होती की नव्हती? पेन खिशातून निघालं होतं, पण टोपण अजून निघायचं होतं.

“जा तुम्ही खाली,” सासूबाई म्हणाल्या. “या आवाजाने पोरगी उठेल. मी नसले की घाबरते.”

आणि खरोखरच खालून बाळाचा सूर आला. ती जिन्यात एक क्षण अडखळली, मग उतरली. नंतर कितीतरी दिवस तिला त्या उतरण्याची एकेक पायरी आठवत राहिली.

नवऱ्याने गच्चीच्या दाराला कुलूप लावायचं काढलं. आई म्हणाली, “लाव. मी जिन्यात बसेन.” यंत्रवाल्या बाईंना सांगून झालं. त्यांनी हात जोडले, “आजी, त्याला राखण लागत नाही हो!” सासूबाई म्हणाल्या, “हो का? बरं.” आणि दुसऱ्या दिवशी शिट्टी झाल्यावर बाळाला शेजारणीजवळ देऊन पायऱ्या चढू लागल्या. आता प्रत्येक पायरीवर थांबायच्या. म्हणून शिट्टीच्या आधीच निघायच्या.

तिसऱ्या महिन्यात त्यांना उभं राहता येईना. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात नेलं. तिथे खिडकीतून झाडं दिसायची. पहिल्याच दिवशी त्यांनी नर्सकडून फडकं मागून उशाचं टेबल पुसलं आणि फडकं उलटंसुलटं करून पाहिलं.

“पांढरंच आहे,” त्या मुलाला म्हणाल्या. “बघ ना. काल पुसलेलं असणार यांनी.”

“नाही गं आई, इथे बसतच नाही.”

“असं कसं बसत नाही?” त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

काटेवाली रोज कामावरून सरळ तिकडे जायची. त्या विचारायच्या, “पोरगी जेवली?” मग विचारायच्या, “तुम्ही जेवलात?” ती रोज वाट पाहायची. आज काहीतरी बोलतील. चिडतील तरी. एके दिवशी तिने त्यांचे पाय चेपत स्वतःच म्हटलं, “आई, मला एकदा शिव्या द्या हो.” सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, एक थकलेली माया होती, आणि मध्ये काहीतरी होतं, स्वच्छ पुसलेल्या काचेसारखं. “कशाला?” त्या म्हणाल्या. “तुम्ही खोटं थोडंच बोललात.”

पाचव्या दिवशी त्या गेल्या. श्वास आधी छोटा झाला, मग आणखी छोटा, आणि मग तो कुठे थांबला ते कुणालाच नक्की सांगता आलं नाही.

पावतीकाका भेटायला आले. हातात बाळासाठी बिस्किटांचा पुडा. तो त्यांनी बाळापुढे ठेवला.

“मी उठायला नको होतं त्या दिवशी,” ते म्हणाले. “तू ‘मी’ म्हणालीस, तिथेच सोडायला हवं होतं. नातू डोळ्यांसमोर आला गं.”

“माझ्या डोळ्यांसमोर ही होती, काका.”

“हो ना.” बाळाने त्यांच्या गुडघ्याला धरून उभं राहायचा प्रयत्न केला. काकांनी बोट दिलं. “नवं इंजिन आता तुमच्याकडेच येणार, दिसतंय. आमच्याकडे वर्षभराने येईल म्हणतात. दोन वर्षांनीही येईल. यांच्या वर्षाचे महिने किती असतात, कुणाला ठाऊक.” त्यांनी हसून बघितलं, पण ते हसू काही जमलं नाही.

तीन महिने पुरे झाले त्या सकाळी यंत्रवाल्या बाई पेटी न्यायला आल्या. काटेवाली घरीच होती. बाईंनी गच्चीवर पेटीचे स्क्रू सोडवले, वायर गुंडाळली, आणि जरा थांबून म्हणाल्या, “सांगायचं नसतं, पण सांगते. शंकेला जागाच नाही. अकरा आणि चारचे आकडे इतके वर गेलेत की आमच्या साहेबांनी यंत्र बिघडलंय का ते तपासायला लावलं. इंजिन खालच्याच फाटकाला येईल. दोनेक महिन्यांत.”

“बरं झालं,” ती म्हणाली. आपल्याला आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं.

“एवढा एक अर्ज भरून द्या. नियमच आहे. या वेळी जरा कडक केलाय.”

एकच पान होतं. यंत्र हलवलं का? नाही. धुतलं का? नाही. झाकलं का? नाही. मग एक प्रश्न होता, मोजणी चालू असताना यंत्राजवळ कुणी थांबत असे का? असल्यास कोण, किती वेळ आणि कारण.

“असं लिहिलं तर आकडे बाद करतील?” तिने विचारलं.

“नाही, नाही. माणूस जवळ बसल्याने आकडा बदलत नाही. फक्त खरं लिहा. मी तेवढ्यात पेटी खाली नेते.”

ती गच्चीच्या कठड्यावर कागद ठेवून लिहू लागली. कोण: सासूबाई. किती वेळ: रोज दोनदा, तास-तासभर. रविवार सोडून. पुढचा रकाना ‘कारण’. बोटभर जागा होती. ‘राखण’ असं लिहिता आलं असतं. त्या स्वतः तेच म्हणाल्या होत्या, आणि ते खोटंही नव्हतं.

खाली बाळ उठलं. ती जाऊन त्याला घेऊन आली, कडेवर ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने पेन धरलं. बाळाने पेनाकडे हात नेला. तिने तो हळूच बाजूला केला आणि त्या बोटभर जागेत, अक्षर वाकडंतिकडं होत, लिहिलं, ‘मी चारचौघांत बोलले म्हणून.’

बाई वर आल्या. कागद हातात घेऊन त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला. शेवटच्या ओळीवर त्यांची नजर थांबली. तिला वाटलं, आता विचारतील, हे असं कसं चालेल. बाईंनी विचारलं नाही. त्यांनी कागदाची घडी न घालता तो तसाच सपाट फाइलीत ठेवला.

“सही राहिली,” त्या म्हणाल्या.

तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि सही केली.